दोन तिरक्या रेघांपुढची ओळ

कुठलाही प्रोग्राम लिहायला बसला की तो आधी उजवा हात पँटला पुसायचा, मग दोन तिरक्या रेघा मारायचा आणि त्यांच्यापुढे रोमी अक्षरांत टाइप करायचा : श्री सातेरी प्रसन्न. खरा प्रोग्राम त्याच्या खाली. दोन तिरक्या रेघांपुढे लिहिलेलं कॉम्प्युटर वाचत नाही, ते फक्त माणसांसाठी असतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी मोठ्या शहाणपणाने ते त्याला ऐकवलं.

"मशीन वाचणा नाय तर नाय," तो म्हणाला. "देव वाचता मरे."

त्याने वीस वर्षं खाणीवरून नदीवरच्या धक्क्यापर्यंत मालाचा टिप्पर चालवला होता. टिप्परच्या काचेवर, डोक्याच्या वर, हीच ओळ लाल अक्षरांत होती म्हणे. खाणी बंद पडल्या, मालकाने गाडी विकली आणि हा एकेचाळिसाव्या वर्षी आमच्याबरोबर कॉम्प्युटरच्या पदवीला येऊन बसला. बाप सावंतवाडीकडून खाणीच्या कामाला आलेला, घर कारापूरला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो.

पहिल्या दिवशी शिपायाने त्याला लॅबच्या दारातच अडवलं. "पालकांनी भायर बसचें." हा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला, तो तास संपेपर्यंत. आम्ही हसत बाहेर पडलो तेव्हा त्याने मला थांबवून विचारलं, "आज काय शिकयल्यानी?" मी वही दाखवली. तिथून आमची ओळख.

वर्गात असा एखादा वयस्क विद्यार्थी तुम्हीही पाहिला असेल. एक तर तो पुढच्या बाकावर बसून सगळ्यांना अक्कल शिकवतो, नाहीतर महिनाभरात दिसेनासा होतो. दादाने दोन्ही केलं नाही. कंबरेचे मणके टिप्परने खाल्ले होते, म्हणून तो घडी केलेला टॉवेल खुर्चीच्या पाठीला लावायचा आणि दोन बोटांनी टाइप करत राहायचा. मॅडम त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्या आल्या की हा कंबर धरून उभा राहायचा. त्यांच्याशी तो जपून जपून पुस्तकी मराठीत बोलायचा, नव्या चपला घालून चालल्यासारखा.

लूप म्हणजे काय ते मला त्याने समजावलं. "खाण ते धक्को, धक्को ते खाण. माल संपापर्यंत खेपो मारूच्यो. माल संपलो काय गाडी बंद. ह्योच तुझो लूप." माझा प्रोग्राम थांबतच नव्हता तेव्हा त्याने स्क्रीनकडे बघून मान हलवली. "माल संपलो तरी तू धावतस. ब्रेक खंय आसा?" मॅडमनी तीन तास घेऊन जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते असं शिरलं.

आणखी एक सवय. त्याचा प्रोग्राम कधीच चालू झालेला असायचा, पण लॅबमधल्या शेवटच्या पोराचा चालल्याशिवाय तो उठायचा नाही. शेवटचा बहुधा मीच असायचो. माझी डिचोली, म्हापसा, पेडणे अशी बसची साखळी, एक चुकली की पुढच्या सगळ्या चुकणार, म्हणून मी चिडायचो. तू तरी जा म्हणायचो.

"मागल्याक सोडून जावचा नाय," तो म्हणायचा. टिप्परांच्या लायनीचा तो नियम होता. मागच्याची गाडी बंद पडली की पुढच्याने बाजूला घेऊन थांबायचं, मग खेप बुडाली तरी चालेल.

त्याला पदवी कशासाठी हवी होती ते सगळ्या वर्गाला माहीत होतं, कारण त्याने ते कधी लपवलं नाही. सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवरची नोकरी. कदेलार, म्हणजे खुर्चीवर, बसून करण्याचं काम. टिप्परवर परत चढलास तर आडवा होशील, असं डॉक्टरने सांगितलं होतं. अर्जाला वय पंचेचाळीसपर्यंत चालतं. पदवी हातात येईल तेव्हा चव्वेचाळीस. "एक वर्स गाठीक आसा," तो म्हणायचा, आणि ते एक वर्ष प्रवासाला निघताना पदराला बांधलेल्या पुरचुंडीसारखं चाचपून बघायचा.

ते वर्ष मी घालवलं. हे आता सांगायलाच हवं.

पाचव्या सेमिस्टरला प्रत्येकाने रांगेवर एक प्रोजेक्ट करायचं होतं. सगळ्यांनी बँकेची नाहीतर सिनेमाची रांग घेतली. दादाने धक्क्यावर वजन करून रिकाम्या होणाऱ्या टिप्परांची घेतली. मी काहीच घेतली नव्हती, कारण पेडण्याला आमच्या वाड्याची क्रिकेटची टुर्नामेंट चालू होती आणि मी ओपनिंगला होतो. जमा करायच्या आदल्या दुपारी दादा चहाला गेला, मशीन उघडं ठेवून. मी त्याची फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. टिप्परच्या जागी पेशंट घातले, धक्क्याच्या जागी हॉस्पिटल, त्याच्या नावाच्या जागी माझं. दहा मिनिटांचं काम. फार हुशार होतो मी.

दोन दिवसांनी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर दोन प्रिंटआउट शेजारी शेजारी होते.

"तुमच्या हॉस्पिटलात पेशंटचं वजन करून मग त्यांना रिकामं करतात का?" त्यांनी मला विचारलं.

एरवी मीही हसलो असतो. मग त्यांनी पेनाचं टोक पहिल्या ओळीवर ठेवलं. माझ्या प्रोग्रामच्या डोक्यावर, दोन तिरक्या रेघांपुढे, श्री सातेरी प्रसन्न ही ओळ तशीच होती. अडीच वर्षं ती ओळ रोज बघून मला ती दिसायचीच बंद झाली होती.

मॅडमनी नियम सांगितला. त्याने दिलं असेल तर देणारा आणि घेणारा, दोघांना शून्य. तो पेपर पुढच्या वर्षी पुन्हा. न विचारता घेतलं असेल तर ती चोरी. मग प्रकरण वर जाईल, मुलाच्या वडिलांना बोलावलं जाईल, नाव कमी होईल. त्यांनी दादाकडे बघितलं. त्यांना खरं काय ते कळलं होतं आणि त्यांना तेच त्याच्या तोंडून हवं होतं, असं मला अजून वाटतं.

माझे बाबा पेडण्यात शाळामास्तर. मी खाली फरशीकडे बघत उभा राहिलो.

"मीच दिला, मॅडम," दादा म्हणाला. "त्याने मागितला, मी दिला."

"अहो, तुमचं वर्ष जाईल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

मी तोंड उघडलं नाही. एक वाक्य होतं, तीन-चार शब्दांचं. मी ते मनात तयारही केलं होतं. तेवढ्यात मॅडमनी सही केली आणि कागद फाइलला लावला.

बस स्टँडवर मी त्याच्याशी बोलायला गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तो भाजी-पाव खात होता, अर्धा पाव त्याने माझ्या हातात दिला. "तुझी गाडी बंद पडली हुती," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "जा झिला, तुझी बस चुकात." तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी पाव हातात धरून म्हापशापर्यंत गेलो आणि तिथे कुत्र्याला घातला.

पुढच्या पावसाळ्यात, बाकीच्या वर्गाच्या हातात पदवी आली तेव्हा, जाहिरात आली. जागा तीच, त्याला हवी होती तशी, जवळच्याच कचेरीत. पदवी हवी होती आणि त्याच्याकडे पदवी सोडून सगळं होतं. नंतर आम्ही दोघांनी तो पेपर पुन्हा दिला, दोघेही पास झालो. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण पदवी हातात येण्याआधीच मार्चमध्ये त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली होती.

मला पुण्यात नोकरी लागली. एक वर्ष मागे पडल्याचं मला कुणी विचारलंही नाही. बाविसाव्या वर्षी वर्षं खूप असतात. सुरुवातीला मी त्याला फोन करायचो. तो परत टिप्परवर चढला होता, सीमेपलीकडे चिऱ्याच्या खाणीवर. कंबर कशी आहे विचारलं की म्हणायचा, "आसा थयच आसा." मग माझे फोन कमी झाले. कामात होतो असं मी स्वतःला सांगतो.

गेल्या दिवाळीला पेडण्याला आलो तेव्हा कळलं की दादा दोन महिन्यांपूर्वी गेला. खेप संपवून गाडी बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं, ते उचललंच नाही. मागच्या टिप्परवाल्याने उतरून बघितलं.

मी कारापूरला गेलो. वहिनीला मी पहिल्यांदाच बघत होतो. मी कॉलेजातला आहे म्हटल्यावर तिने आतून प्लास्टिकची एक पिशवी आणली. गाडीतून काढून आणलेली होती. आत लायसन, विम्याचा जुना कागद आणि मध्ये चार घड्या घातलेली पदवी. घडीवर ग्रीसचा अंगठा उमटला होता.

"गाडयेतच ठेवत," ती म्हणाली. "मी म्हटलंय, भिंतीर लावया. तर म्हणत, कागद गाडयेत आसाक व्हये, कोण खंय अडयत सांगाक येणा नाय."

मी पदवी उलगडून वाचली आणि परत घड्यांवरच घडी घातली. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तेंनी एका झिलाक आपलो प्रोग्राम दिल्लो म्हणान सांगत. पेडण्याचो हुतो म्हणत. तो तुमीच?"

घरातसुद्धा त्याने तेच सांगितलं होतं. ते तीन-चार शब्दांचं वाक्य माझ्याकडे अजून तसंच तयार होतं. आता वर्ष जाणार नव्हतं, नाव कमी होणार नव्हतं, बाबांना कुणी बोलावणार नव्हतं.

"होय," मी म्हटलं. "मी मागितला, त्याने दिला."

तिने मान हलवली आणि कागद पिशवीत परत ठेवले, आधी विमा, मग पदवी, वर लायसन.