औषधांच्या दुकानासमोरची अकरा पावले

खुर्चीमास्तर, जन्म १९४१, मृत्यू २००९. कागदोपत्री त्यांना दुसरे नाव होते. पण अंध कारागिरांच्या कार्यशाळेत छत्तीस वर्षे खुर्च्यांच्या बैठका वेताने विणणाऱ्या आणि विणायला शिकवणाऱ्या या माणसाला त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. वयाच्या नवव्या वर्षी आजारपणात दृष्टी गेली. पत्नीच्या निधनानंतर ते मुलीबरोबर राहत. मुलगी टपाल कार्यालयात खिडकीवर काम करी.

घरापासून कार्यशाळेपर्यंत सहाशे चाळीस पावले. मास्तर ती एकटे चालत आणि त्याबद्दल त्यांना सूक्ष्म, पण पक्का अभिमान होता. कोणी हात धरू लागले, तर ते म्हणत, “हात नको, रस्ता मोकळा ठेवा.”

२००६ च्या आरंभी औषधांच्या दुकानदाराने मालवाहू गाडी घेतली. दोन चाके पदपथावर, दोन रस्त्यावर, आणि गाडीचे अंग थेट दुकानाच्या पायऱ्यांना भिडलेले. मधून मांजर जाईल एवढीही फट नव्हती.

“माल उतरवतोय, मास्तर. दोनच मिनिटं,” दुकानदार म्हणाला.

मास्तरांनी तळवा गाडीच्या नाकावर ठेवला. “इंजिन गार पडलंय. दोन मिनिटांत एवढं गार होतं?”

समोरचा पेपरवाला खो खो हसला. “मास्तर, तिला आता घरपट्टी लावायला सांगा!”

“तू तुझे पेपर वीक,” दुकानदार त्याच्यावर खेकसला आणि मास्तरांकडे वळून अदबीने म्हणाला, “उद्यापासून नाही हं, काका.”

तो माणूस वाईट नव्हता. आणि तेच अवघड होते. दुसऱ्या दिवशीही तो तितक्याच अदबीने बोलला आणि तिसऱ्या दिवशीही. मास्तर गाडीला हात लावत तिच्या कडेने रस्त्यावरून जाऊ लागले. एका सकाळी त्यांची भुवई गाडीच्या आरशावर आदळली. तीन टाके पडले.

मुलीने पट्टी बदलताना विषय काढला. “बाबा, आता बास. रिक्षा लावते.”

“मी काय पार्सल आहे, इथून उचलून तिथं टाकायला?”

“मग एक कबूल करा. पुन्हा असं काही लागलं, तर एकट्यानं जाणं बंद.”

मास्तरांनी नव्या पट्टीवरून बोट फिरवले. “कबूल,” ते म्हणाले. दिलेला शब्द त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. मुलीला हे ठाऊक होते आणि म्हणूनच तिने तो घेतला होता.

यानंतर मास्तरांनी जे केले, ते केवळ त्यांच्यासारखा हिशेबी चालणाराच करू शकतो. गाडीला स्पर्श करणे त्यांनी सोडून दिले. दिव्याच्या खांबापाशी पदपथावरून खाली उतरायचे, आरशापासून हातभर बाहेर सरायचे, अकरा पावले सरळ टाकायची आणि पुन्हा वर चढायचे. आठवड्याभरात ही वाट पायांत बसली. काठीने पुढे चाचपून पाहण्याचीही गरज राहिली नाही. येणारी वाहने गाडीला वळसा घालत, आणि त्या वळशात मास्तरही सामावून जात.

कार्यशाळेत मात्र ते शिकाऊ मुलींना बजावत, “चौकटीतलं भोक बुजलेलं असेल तर वगळून पुढे जायचं नाही. टोचा घ्या, ते आधी मोकळं करा. आज वगळलंत, तर सातव्या फेरीला वीण तिरकी होईल.” हे सांगताना एकदा ते मध्येच थांबले. त्या संध्याकाळी घरी येताच त्यांनी मुलीला तक्रारीचा अर्ज लिहायला सांगितला.

“आता कसं सुचलं?”

“उशिरा सुचलं. लिही.”

मुलीने पालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. दोन महिने काहीच घडले नाही. मास्तरांनी चौकशी सोडून दिली. अकरा पावले चालूच राहिली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता पालिकेचे लोक आले आणि गाडी ओढून घेऊन गेले. दुकानदार चडफडत त्यांच्या मागे गेला. पेपरवाल्याने टाळ्या वाजवल्या. सात महिन्यांनी तिथली फरशी उघडी पडली. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून समाधानाने मान हलवत होते. हे ज्यांना सर्वांत आधी कळायला हवे होते, त्यांना कळवावे, असे एकालाही वाटले नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी मास्तर कोपऱ्यावर आले. पेपरवाल्याने त्यांना पाहिले. आज म्हातारा सरळ जाणार, या आनंदात तो बघत राहिला. मास्तर खांबापाशी आले आणि खाली उतरले. पेपरवाल्याला वाटले, रस्ता ओलांडायचा असेल.

एक, दोन, तीन. डाव्या बाजूला नेहमीची कोंदट शांतता नव्हती. आवाज मोकळा वाटत होता. मास्तरांच्या ते ध्यानात आले, पण पाय मोजत राहिले. चार, पाच. मागून येणाऱ्या टेम्पोला आज वळसा घेण्याचे कारण नव्हते. तो पदपथाच्या कडेलगत, सरळ आला.

“मास्तर! वर! वर चढा!” पेपरवाला ओरडला.

सहावे पाऊल उचललेले होते.

खुब्याचे हाड मोडले. ते जुळले, पण पायातला तोल परत आला नाही. शिवाय शब्द दिलेला होता. मुलगी रडत म्हणाली, “बाबा, मी तो शब्द परत देते.” मास्तर म्हणाले, “परत द्यायला तो आता तुझ्याकडे कुठे आहे?” विणायच्या खुर्च्या घरी येऊ लागल्या.

दुकानदार भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर टेकून बसला. म्हणाला, “काका, पण त्या दिवशी माझी गाडी तिथं नव्हतीच ना.”

“नव्हती,” मास्तर म्हणाले. “तिनं शिकवलेली वाट होती.”

चौकशीतही तेच नोंदले गेले: घटनास्थळी कोणतेही वाहन उभे नव्हते, पदपथ मोकळा असताना पादचारी रस्त्यावरून चालत होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी पालिकेचे पत्र आले. मुलीने ते मोठ्याने वाचले: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

मास्तर तीन वर्षांनी, झोपेत गेले. दुकानासमोर आता लोखंडी खुंट आहेत. गाडी दुकानदाराने सोडवून आणली. ती मागच्या गल्लीत, पदपथावर उभी असते. कार्यशाळेतल्या दोन शिकाऊ मुली त्याच गल्लीने जातात. मास्तरांच्या मुलीने दुसरा अर्ज दिला आहे. गाडी हटवावी, आणि हटवण्याआधी कार्यशाळेला कळवावे, एवढेच त्यात लिहिले आहे. पोच मिळाली आहे. उत्तर अद्याप यायचे आहे.