पाण्यातली वाट

सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीबाहेर देवाने काही बरे केले असेल, हे आमच्या चुलत्यांनी उभ्या जन्मात कबूल केले नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घाटातला धबधबा दाखवा, ‘पाणी वाया चाललंय की’ म्हणून हळहळतील. कुणी हापूसची पेटी आणली, तर अर्धी संपवून ‘सांगोल्याचं डाळिंब खाल्लंय का कधी?’ असे त्यालाच विचारतील. आणि बायको मिळाली ती नेमकी कोकणातली! काकूंचे बालपण खाडीकाठच्या एका गावात गेलेले; वडिलांना इथल्या गिरणीत कारकुनी लागली, तेव्हा त्या सोलापुरात आल्या. ओहोटीला खाडीच्या तळातून दगडी वाट वर येते आणि त्या वाटेने आम्ही पलीकडे शाळेला जायचो, असे त्या सांगत. अण्णा चारचौघांत म्हणायचे, “पाण्यातनं चालत शाळेला! लई झालं तुमचं कोकण.” “एकदा चला, दाखवते,” काकू म्हणायच्या. “पाणीच बघायचं तर हिप्परग्याचा तलाव हाय की,” म्हणून विषय मिटायचा. पुढे पुढे काकूंनी त्या वाटेचे नाव काढणेच सोडून दिले.

मग काकूंचे हृदय थकले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, त्या दिवशी संध्याकाळीच अण्णा माझ्याकडे आले. “गाडी काढ. ती वाट बघून यायची हाय. ती ऐकायला हाय तवर.” आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता.

तरी स्वभावाला औषध नाही. कोकणात उतरल्यावर जलदुर्गापाशी उभे राहून म्हणाले, “आमच्या भुईकोटाला खंदक खणावा लागला, ह्यास्नी देवानं फुकट दिला.” देवळाच्या जांभ्या दगडावर बोट घासून ‘गेरू फासलाय का?’ असे पुजाऱ्याला विचारले. खानावळीत माशाच्या ताटाशेजारी आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी मांडली. पण काकूंच्या गावात शिरल्यावर मात्र गाडी थांबायच्या आत उतरून ते काठाशी गेले. समोर खाडी काठोकाठ भरलेली. वाटेचा पत्ता नाही.

बराच वेळ ते पाण्याकडे बघत बसले. शेवटी, सुकट वाळवत बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी विचारले, “आज्जी, पाणी आटतं कवा? उन्हाळ्यात यावं लागंल व्हय?” आमच्याकडे तलाव चैत्र-वैशाखात उतरतात, ते पुढल्या पावसाळ्यापर्यंत. म्हातारी इतकी हसली की तिचा पदर डोक्यावरून घसरला. “उन्हाळ्यात कशाला? जेवून, एक झोप काढून या. तोवर उतरेल.”

उन्हे कलल्यावर आम्ही परत आलो, आणि वाट होती. शेवाळलेले, काळे दगड, एकापुढे एक, थेट पलीकडच्या काठापर्यंत. अण्णांनी चपला हातात घेतल्या. मी त्यांच्या मागे. मध्यावर थांबून त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, वाट हाय. मी तिच्यावर उभा हाय. तू खरं सांगत हुतीस.”

फोनमधून काकू म्हणाल्या, “पाहिलीत ना? मग आता मागे फिरा. चढायला लागलं की पाणी कुणासाठी थांबत नाही.”

काकू त्या थंडीतच गेल्या. परवा अण्णांच्या ओसरीवर पाहुणे जमले होते. कोकणाचा विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, “तितं पाण्यातनं वाट हाय. आमची मंडळी त्या वाटेनं शाळेला जायची.” सगळे हसले. कुणीतरी म्हणाले, “लई झालं हं अण्णा!”

मला वाटले, आता अण्णा त्याला सोडत नाहीत. पण ते भांडले नाहीत. “जाऊन बघा की,” एवढेच म्हणाले, आणि मग, जरा हळू, “जोडीनं जावा.”