ताऱ्याच्या खालची दीर्घिका

सदर इसम, वय साठीला टेकलेलं, व्यवसाय चष्म्याचं दुकान, आकाशनिरीक्षक मंडळाचा आजीव सभासद, दृष्टी उत्तम, वर्तन समाधानकारक. मंडळाच्या दप्तरी एवढंच.

बाकीचं त्याच्या बायकोला विचारावं. तिच्या मते हा माणूस एका दीर्घिकेपायी आयुष्यातून उठला होता. दोनशे वर्षांपूर्वी कुणा निरीक्षकाने ती एका ओळीत नोंदवली होती: नारिंगी ताऱ्याच्या किंचित खाली, लांबट पुसट डाग, शेजारी दोन बारीक तारे. पुढे ती कुणालाच दिसली नाही. आता दीर्घिकांच्या यादीची नवी आवृत्ती निघायची होती, आणि महिनाअखेरपर्यंत ती कुणी पाहिली नाही तर नोंद खोडू, असं मंडळाने कळवलं होतं. चष्मेवाल्याने मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यापायी पुढे ढकललेलं. अंधार पडला की गच्ची, उतरताना गुडघ्यांची कुरकुर.

एका दुपारी दुकानात त्याने जाड भिंग हातभर लांब धरलं. भिंगात रस्त्यावरचा पोस्टमन सायकलसकट उलटा लटकत होता. तसा तो रोजच लटकायचा. आज मात्र चष्मेवाला मटकन स्टुलावर बसला. दुर्बिणीतही सगळं उलटंच दिसतं. जुन्या माणसाने ते सरळ करून लिहिलं असणार, असं सगळे धरून चालले होते. पण दिसलं तसंच लिहिलं असेल तर? मग खाली म्हणजे वर!

अंधार पडताच त्याने दुर्बीण ताऱ्याच्या वरच्या बाजूला वळवली. डोळा लावला. धुकं. तेही स्वतःच्याच डोळ्यातलं. शेवटी त्याने जिन्यात तोंड घालून हाक मारली, “अगं, वर येतेस जरा?”

“गॅस बंद करून येते. पुन्हा रिकामं आभाळ दाखवलंत तर बघा हं!”

तिने डोळा लावला. “काही नाही.”

“सरळ बघू नकोस. जरा बाजूला बघ. माझ्या बहिणीचे दागिने बघतेस ना, न बघितल्यासारखे, तसं.”

“मी कधी हो...” ती थबकली. “अहो, आहे काहीतरी. आरशावर श्वास सोडल्यासारखं. लांबट. बाजूला दोन बारीक तारे.”

जुन्या निरीक्षकाची ती ओळ त्याने तिला कधीच वाचून दाखवली नव्हती. तिने कधी विचारलंही नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला, आणि कठड्याला टेकला.

त्याने मंडळाला बायकोचं नाव कळवलं. उत्तर आलं: सभासदेतर व्यक्तीचं निरीक्षण ग्राह्य नाही, सबब ते आपल्या नावे नोंदवण्यात येत आहे. नव्या आवृत्तीत छापून आलं की दीर्घिका अस्तित्वात असून एका अनुभवी सभासदाने ती स्वतः पाहिली आहे.

त्याला ती दिसलेली नाही.