आज तुमच्यासाठी निरोप नाही

एदेल्मिराबाई पाइनेफिल दिसायला कशा आहेत, हे आमच्या पठारावरच्या निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही. आवाज मात्र सगळ्यांना पाठ. सव्वीस वर्षं त्या आमच्या गावच्या रेडिओवर दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सातला निरोप वाचायच्या. काचेच्या अलीकडे बटणांवर मी, पलीकडे त्या. एकदा मी त्यांचा माईक जरा उशिरा सुरू केला. तो सुरू होईपर्यंत थांबून त्या म्हणाल्या, "काय रे काटक्या, झोप झाली असेल तर लोकांची कामं करू या का?" अख्ख्या पठाराने ऐकलं. तेव्हापासून माझं खरं नाव कुणी घेत नाही.

इथे मेंढपाळांच्या झोपड्या एकमेकींपासून दहा-दहा कोसांवर. फोन तिथे दगडासारखा पडून असतो. म्हणून रेडिओ. "रोसालिया बाळंतीण झाली, मुलगी आहे, दोघी सुखरूप." "गुरुवारी ट्रक येतोय, लोकर बांधून ठेवा." असे निरोप बाई वाचायच्या आणि प्रत्येक नावाआधी किंचित थांबायच्या, म्हणजे ज्याचं नाव तो हातातलं काम ठेवून रेडिओजवळ येईल.

एकोणीस वर्षांपूर्वी ट्रकवाला निकानोर एक तोंडी निरोप घेऊन आला. सेरो मोचोच्या डोंगरापाशी एवारिस्तो यांकामिल नावाचा मेंढपाळ राहतो. एकटा. त्याला लिहिता-वाचता येत नाही. त्याचं म्हणणं असं, की मी रोज रेडिओ ऐकतो, पण माझं नाव कधी येत नाही, कारण मला निरोप पाठवणारं कुणी उरलेलं नाही. तक्रार नाही, सहज सांगितलं.

त्या शनिवारी संध्याकाळी सगळे निरोप संपल्यावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "एवारिस्तो यांकामिल, सेरो मोचो. आज तुमच्यासाठी निरोप नाही. सांभाळून राहा."

मग दर शनिवारी हेच. एकोणीस वर्षं. नव्या वर्षाला निकानोरच्या ट्रकमधून बाईंसाठी एक करडू यायचं. बाईंचं लग्न झालं नव्हतं. आईचं करता करता वय निघून गेलं होतं. शनिवारी त्या केस विंचरून यायच्या. मी चिडवायचो, "रेडिओवर केस दिसत नाहीत हो." त्या म्हणायच्या, "तू तुझी बटणं बघ." पण कानापर्यंत लाल व्हायच्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जानेवारीत, बाईंच्या घशात गाठ निघाली. शहरात ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. घशातून नुसती हवा यायची. आमच्या संचालकांनी बाईंची सही घेतली, जुन्या टेपा कुठेशी पाठवल्या, आणि महिन्याभरात एआयने बाईंचा आवाज तयार करून दिला. गावातले लोक फोनवरून निरोप टाकतात, यंत्र ते बाईंच्या आवाजात वाचतं. नावाआधीचं थांबणंसुद्धा तेच.

पण यंत्र आलेले निरोप वाचतं. न आलेला निरोप ते कुठून वाचणार? पहिल्याच शनिवारी एवारिस्तोचं नाव राहिल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. एका ओळीने काय बिघडतंय, म्हणून मी गप्प बसलो. बाई तेव्हा शहरात, दवाखान्यात होत्या.

मे महिन्यात, हिवाळा तोंडावर असताना, एके दिवशी बाराच्या सुमाराला रेडिओच्या दारात एक माणूस घोड्यावरून उतरला. दोन दिवसांची धूळ अंगावर.

"बाई आहेत का?"

"नाहीत."

"आहेत की. काल दुपारी बोलत होत्या, मी वाटेत ऐकलं." डोक्यावरच्या टोपीशी चाळा करत तो म्हणाला, "सेरो मोचोचा एवारिस्तो आलाय म्हणून सांगा. भांडायला नाही आलो. नऊ शनिवार झाले. माझं काय चुकलं तेवढं विचारायचंय. यंदा करडू आलं नाही म्हणून असेल, तर ते पुमाने नेलं. मुद्दाम नाही केलं मी."

मी त्याला आत नेलं. साडेबारा वाजले, रिकाम्या खुर्चीसमोर बाईंचा आवाज सुरू झाला. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि निरोप संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग मी सगळं सांगितलं.

"म्हणजे हा आवाज त्यांचा नाही?"

"त्यांचाच आहे. बोलतायत त्या नाहीत."

"असं कसं करता येतं?"

"करता येतं," मी म्हणालो.

नळाखाली डोकं भिजवून त्याने केस बसवले. बाईंचं घर तीन गल्ल्या सोडून; शहरातून परतल्यापासून त्या तिथेच असायच्या. आम्ही दार वाजवलं, कोण आलंय ते मी ओरडून सांगितलं. पडदा हलला. थोड्या वेळाने दाराखालून एक कागद आला. एवारिस्तोने तो उचलून माझ्याकडे दिला. लिहिलं होतं: "त्यांना वाचता येत नाही, मला बोलता येत नाही. समोरासमोर बसून दोघांनी काय करायचं? त्यांना माझा आवाज माहीत आहे, तेवढाच राहू दे. घरी नाही म्हण."

"घरी नाहीत," मी म्हणालो. धुराड्यातून धूर निघत होता. त्याने धुराकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि "बरं," म्हणाला. चार वाजेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. मग बर्फ पडायच्या आत मेंढ्यांपाशी पोचायला हवं म्हणून निघाला. पडद्याआड कुणीतरी उभं आहे हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मला शहाणपण सुचलं. दर शनिवारसाठी ती ओळ मी यंत्रात घालून ठेवली. शनिवारी सातला मोठ्या फुशारकीने बाईंकडे माते, म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, प्यायला गेलो. निरोप संपले. आवाज थांबला, मग म्हणाला, "एवारिस्तो यांकामिल, सेरो मोचो. आज तुमच्यासाठी निरोप नाही. सांभाळून राहा." अगदी बाईंसारखं. बाईंनी रेडिओ खाडकन बंद केला.

"अहो, तो ऐकत असेल. खूश होईल."

आता बाई खडूने पाटीवर लिहून बोलायच्या; त्यांनी ती पाटी ओढली. "आवाज दर शनिवारी त्यांच्याकडे जातो. मी इथेच बसते."

स्वतःच्याच आवाजावर जळणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मातेचा पेला माझ्या हातात गार झाला. बाईंनी पाटी पुसली. "सेरो मोचोचा रस्ता कधी उघडतो?"

"झाला की बंद परवाच. आता ऑक्टोबर. तुम्ही तिथे जाऊन बोलणार काय?"

"बसेन," त्यांनी लिहिलं. मग पाटी पुसून पुन्हा खडू उचलला. लिहून झाल्यावर पाटी माझ्याकडे सरकवली आणि बोटाने खूण केली: हे यंत्रात घाल. संचालक ओरडतील, आपल्या खाजगी गोष्टींसाठी रेडिओ नाही, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होतो. बाहेर गुडघाभर बर्फ. "एवारिस्तो यांकामिल, सेरो मोचो. तुमच्यासाठी एदेल्मिराचा निरोप आहे. तुम्ही आलात तेव्हा मी घरातच होते. दार उघडायला हवं होतं. रस्ता मोकळा झाला की मी येते."

आवाजाने ते एका दमात, न अडखळता वाचलं. बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि मध्येच मागे पडत होते. एवारिस्तो बर्फाआधी घरी पोचला का, त्याने हे ऐकलं का, ते ऑक्टोबरपर्यंत आम्हाला कळायचं नाही.