कमलताईच्या कापडावरची माणसं

सुईदोऱ्याच्या कामात हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. त्यामुळं चार बायका भरतकामाला बसल्या की किस्से होतातच, आणि ते सांगून सांगून वाढतातही. आमच्याकडं तर कापडं विकली गेली, किस्से तेवढे घरात राहिले! आणि आता आठवायला बसलं की लक्षात येतं, यातल्या प्रत्येक किश्श्यात कुणीतरी कुणावर तरी संशय घेतलेला आहे.

कमलताई म्हणजे माझी कारेगावची शेजारीण. नव्वद सालानंतर रांजणगावला कंपन्या आल्या आणि कारेगावात भाड्याच्या खोल्यांची रांगच रांग उभी राहिली. तिचे यजमान भीमराव, मी त्यांना दाजी म्हणते, एका कंपनीत शिफ्टला जायचे. आमचे हेही तिथंच. खोलीला खोली लागून. दाजी शिफ्टला गेले की ही दारात बसायची आणि जुन्या साडीच्या तुकड्यावर माणसं भरायची. फुलं नाहीत, मोर नाहीत. माणसं! नळावर भांडणारी, बसची वाट बघणारी, डबा घेऊन पळणारी. एका कापडावर एक अख्खी गोष्ट. डावीकडून बघत गेलं की गोष्ट कळायची.

तिसऱ्या आमच्या सासूबाई, हौसाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. लग्नाआधीपासून त्यांचं आयुष्य मेंढ्यांमागं गेलेलं. पुढं घरच्यांनी शेती धरली, पण आत्याबाईंचा राखणीचा स्वभाव काही सुटला नाही. कुणी अनोळखी माणूस दिसला की त्यांची नजर आधी त्याच्या हातातल्या पिशवीवर जायची.

*

सुरुवातीला चाळीत सगळ्यांना वाटायचं, कमलताई करणी करते.

वाटणारच की! दिवसभर माणसांकडं टक लावून बघणार, मग कापडावर त्यांच्यासारखी बाहुली काढणार आणि तिला सुया टोचणार! बायका तिच्या दारावरून जाताना पोरांना पदराआड घ्यायच्या.

एकदा पलीकडची सुमन तणतणत आली. कमलताई चुलीवरचं दूध बघायला आत गेली होती आणि कापड दारातच पडलं होतं. त्यावर एक मिशीवाला माणूस, आणि सुई नेमकी त्याच्या कमरेत!

सुमननं आरडाओरडा केला. "आमच्या मालकांची कंबर सकाळपासनं धरलीय! उठता येईना त्यांना! ह्यो मिशीवाला त्येच हायेत ना? काढा, आधी सुई काढा ती!"

कमलताईनं बिचारीनं मुकाट्यानं सुई काढली.

दुसऱ्या दिवशी सुमनच्या नवऱ्याची कंबर मोकळी! आता झालं, म्हटलं, आता ही सगळ्या चाळीला गोळा करून आणणार. पण सुमन एकटीच आली. इकडंतिकडं बघितलं, कमलताईच्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली,

"ताई, ते पेत्यात वो लय. जरा घशापाशी टोचून बघा ना!"

*

करणीची भीती गेली तशी दुसरीच पंचाईत सुरू झाली. जी ती यायची आणि विचारायची, "यात मी कुठं हाय?"

आहे म्हटलं तर भांडण, "मला इतकी जाड दाखवली?" नाही म्हटलं तर त्याहून मोठं भांडण, "का, मी काय चाळीत राहत न्हाई?"

कमलताईनं यावर एक युक्ती काढली. नळाच्या गोष्टीत हंडा घेतलेली एक हिरव्या साडीतली बाई होती. जी विचारेल तिला ती सांगायची, "ही काय, तुम्हीच! पण कुणाला सांगू नका." सगळ्या खूश!

मग एकदा हळदीकुंकवाला सगळ्या एकाच वेळी आल्या, आणि भिंतीवर तेच कापड लावलेलं. सुमननं हिरव्या साडीकडं बोट केलं, "ही मी." दुसरी म्हणाली, "ही कशी तू? ही तर मी!" तिसरी उठून उभी राहिली. सगळ्याजणी आधी एकमेकींकडं, मग कमलताईकडं बघायला लागल्या. मी चहा ओतायचं निमित्त करून आत पळाले.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला. "भांडताय कशाला गं? नाक सुमनचं हाय, लुगडं हिचं हाय, आन् हंडा माझा हाय. सकाळधरनं सापडत नव्हता!"

*

दाजींचा संशय वेगळाच होता. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी तिच्या मैत्रीण. खरं सांगा, ह्यो सायकलवाला कोण हाय?"

मला काही कळेना. मग त्यांनी एकेक कापड काढून दाखवलं. खरंच की! प्रत्येक गोष्टीत कोपऱ्यात एक सायकलवाला होता. सडपातळ, केस मागं वळवलेले, पांढरा शर्ट. नळाच्या गोष्टीतही तो, बाजाराच्या गोष्टीतही तो.

"मी शिफ्टला जातो. मागं कोण येतं, कोण जातं, मला काय म्हाईत?" दाजी म्हणाले. हसत म्हणाले, पण तोंड उतरलेलं होतं. बरेच दिवस मनात ठेवलं असणार.

मला राहवलं नाही. त्यांच्यासमोरच कमलताईला हाक मारली आणि विचारलं, "हा सायकलवाला कोण गं?"

तिनं मान वर न करता दोरा दातानं तोडला. "मला बघायला आला हुता तो. आमच्या घरापुढं सायकल लावायला जागा सापडंना, तर तसाच हँडल धरून उभा राहिला. तिथनंच मला बघितलं."

दाजी कापडाकडं बघत राहिले. मग उगाच डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर आता फारसं काही उरलं नव्हतं.

"ओळखू कसा येईल?" ते पुटपुटले.

"मला येतो की," कमलताई म्हणाली.

*

पुढं कमलताईचं काम लोकांना माहीत व्हायला लागलं. पाबळच्या एका ओळखीच्या बाईंनी तिच्याकडून शिरूरच्या आठवडी बाजाराचं मोठं कापड मागितलं. हिनं जीव ओतून केलं. गल्ल्या, दुकानं, मागची दारं, बोळ, सराफाचं दुकान, समोरची चहाची टपरी. काही सोडलं नाही!

ते द्यायला आम्ही दोघी निघालो. कसला तरी बंदोबस्त होता, शिरूरच्या स्टँडवर सगळ्यांच्या पिशव्या तपासत होते. एका हवालदारानं आमचं गाठोडं सोडलं, कापड पसरलं आणि त्याचे डोळेच मोठे झाले.

"हा नकाशा कशाला काढलाय? सराफाचं मागचं दार तुम्हाला काय करायचंय? कोणी सांगितलंय काढायला?"

"आवो, भरतकाम हाय ते!" मी म्हटलं.

"चोरांच्या टोळीत बायकाच असतात पुढं! चला साहेबांकडं!"

सगळ्या स्टँडनं आमच्याकडं बघितलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला. कमलताई मात्र कापडाला हवालदाराच्या बुटाचा डाग लागू नये म्हणून ते सावरत चालली होती.

साहेबांनी कापड टेबलावर पसरून घेतलं. गल्ल्यांवरून बोट फिरवत फिरवत ते चहाच्या टपरीपाशी थांबले. टपरीशेजारी खुर्ची होती. खुर्चीत खाकी कपड्यातला एकजण मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेला. पोट पुढं, एक बूट काढलेला. साहेबांनी कापडातल्या खाकीकडं बघितलं, मग समोरच्या हवालदाराकडं बघितलं.

"कशाचा नकाशा?" साहेब म्हणाले. "हा तर पुरावा आहे! बाईंना सन्मानानं बसमध्ये बसवून ये."

*

पुण्याहून एक मॅडम कॅमेरा घेऊन आल्या, तो आत्याबाईंचा किस्सा. मॅडमना कमलताईच्या कापडांचं प्रदर्शन भरवायचं होतं, त्यासाठी फोटो हवे होते.

आत्याबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "ही फोटू काढून न्हेणार, तिकडं तसंच मशीनवर करणार आन् आपली कमळ बसल बोंबलत. मी बघते हिच्याकडं!"

मग काय! मॅडमनी कॅमेरा उचलला की आत्याबाई कापडापुढं. कधी पदर सावरायला, कधी कापडावरची धूळ झटकायला, कधी नुसत्याच. मॅडम म्हणायच्या, "आजी, थोडं बाजूला होता का?" की आत्याबाई थोडं दुसऱ्या बाजूला व्हायच्या, म्हणजे अजून मध्ये! अख्खा रोल असाच संपला. मॅडम मात्र खूश होऊन गेल्या.

प्रदर्शनाला आम्ही तिघी पुण्याला गेलो. दाराशीच मोठा फोटो लावलेला. कापडापुढं ताठ उभ्या आत्याबाई, डोळ्यांत जरब, आणि खाली नाव कमलताईचं!

आता आत शिरल्यावर काय होणार? लोकांनी आत्याबाईंनाच गराडा घातला. कुणी गुच्छ दिला, कुणी पाया पडलं. एका गृहस्थांनी विचारलं, "या माणसांकडं तुम्ही इतकं बारकाईनं कशा बघता?"

आत्याबाई घाबरून ओरडल्या, "मी न्हाई वो ती! मी राखणीला आलेय!"

गृहस्थांनी डोळे मिटून मान हलवली आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस? स्वतःला कलाकार म्हणवत नाहीत. राखणदार म्हणतात!"

*

हा शेवटचा मात्र मी कुठंही सांगत नाही. आज सांगते.

कमलताईचं माहेर दौंड तालुक्यात. गावाचं नाव घेत नाही, माणसं अजून तिथंच नांदतायत. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या पोरांनी तिला बोलावलं, समाजमंदिरात कापडं लावा म्हणाले. तिनं त्यासाठी एक नवीन कापड केलं. एक विहीर. खाली बायका बसलेल्या, ओंजळी पुढं केलेल्या. वर काठावर पाटली घातलेला एक हात, हातात घागर, आणि वरून खाली येणारी निळ्या दोऱ्याची धार. तिच्या आईच्या तरुणपणीची गोष्ट. तेव्हा त्यांना विहिरीला हात लावू देत नव्हते. काठावरून कुणी ओतेल तेव्हा पाणी.

गावात कुजबुज सुरू झाली. कुणाच्या घरावर केलंय हे? कुणाचं नाव घातलंय? वरच्या आळीतून निरोप आला, "आमचं नाव असलं तर बघून घेऊ."

दाजी म्हणाले, "हे एक राहू दे. बाकीची लावू."

"नाव न्हाई कुणाचं," कमलताई म्हणाली. "तोंड बी न्हाई. नुसता हात हाय."

आणि आम्ही तिघं गेलो तेव्हा तिनं तेच कापड सगळ्यांत मध्ये लावलं.

तिची आई, गयाबाई, बघायला आली नाही. घर चार पावलांवर, पण म्हणाली, "मी पाहिलंय ते. कापडावर कशाला बघू?"

दुपारी वरच्या आळीतले आप्पा आले. म्हातारे, काठी टेकत. विहीर त्यांच्याच रानातली. मागं दोन मुलगे, दारातच उभे राहिले. वस्तीतली पोरं भिंतीला लागून उभी राहिली. दाजी कापडापाशी जाऊन थांबले.

आप्पांनी चष्मा लावला. कापडापुढं वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग काठीनं नाही, बोटानं दाखवलं.

"ही पाटली कुणी सांगितली तुला? एका बाजूला चेपलेली?"

"आईनं," कमलताई म्हणाली. "तिनं तोंड कधी पाहिलं न्हाई. वर बघायची सोय नव्हती. पाणी पडताना हात तेवढा दिसायचा."

"माझ्या आईचा हात हाय ह्यो," आप्पा म्हणाले.

मोठा मुलगा पुढं आला. "आप्पा, चला. ए, उतरवा रे ते!"

"गप उभा राहा!" आप्पांनी मागं न बघता सांगितलं. मग कमलताईला म्हणाले, आवाज एकदम बारीक झाला होता, "लय वर हाय गं हात. जरा खाली घेता येईल का?"

कमलताईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मला वाटलं ही आता रडणार. पण ती नीट बोलली.

"घेता येईल, आप्पा. पण आमच्या आईनं तसा पाहिला न्हाई."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "हाय का ती?"

"हाय. घरी हाय."

"चल."

आम्ही सगळे त्यांच्या मागं. मुलगेही. गयाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं आप्पांकडं बघितलं, मागच्या मुलग्यांकडं बघितलं, मग आपल्या लेकीकडं बघितलं. सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"काय काम हाय?" तिनं विचारलं.

"तहान लागलीय," आप्पा म्हणाले.

ती तशीच बसून राहिली. इतका वेळ, की धाकट्या मुलग्यानं "आप्पा, घरी चला, पाणी घरी प्या" असं म्हटलं. आप्पा हलले नाहीत.

शेवटी गयाबाई भिंतीला हात टेकून उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. आप्पांनी काठी लेकाकडं दिली. खाली वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ तिच्यापुढं धरली.

गयाबाई तांब्या घेऊन उभी राहिली. तिनं ओतलं नाही.

"ओंजळ न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "तांब्या धरा."