तुटलेली तार

ताईंच्या दिवाणखान्यात जुनी वाद्यं जुन्याच पद्धतीने वाजवणारी मंडळी जमतात. आधी ताई आणि अब्बासचाचा दोघंच होते. आता सतरंजी भरून माणसं बसतात, चहाला मोठं पातेलं लागतं. सारंग्या सुरू झाल्या की मी स्वयंपाकघराच्या दारामागे डोळे मिटून जप करते.

आज चाचांच्या सारंगीची तार तुटली. टाकायला म्हणून माझ्या हातात आली, तर मऊ, पिवळट.

"ही कशाची हो ताई?"

"बकऱ्याच्या आतड्याची. पूर्वीपासून हीच लावतात."

माझ्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, "शांताबाई, बकरा बिचारा मेल्यावर गातो. आपण जिवंतपणी नुसते भांडतो."

मला हसू आलं नाही. साबणाने हात धुतले तरी अंगावरचा काटा जाईना. इतके दिवस मी देवाचं नाव कशाच्या सुरात घेत होते? उद्यापासून इथे कामाला यायचं नाही असं ठरवून मी चपला शोधायला लागले. तेवढ्यात नवी तार लावून चाचांनी सारंगीवर गज फिरवला. माझे ओठ आपोआप जप करायला लागले. तार कशाची ते कळलं तेव्हाही बसला नव्हता, इतका धक्का मला त्याचा बसला.