उलटं धरून बघ

आमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या डोळ्यांबद्दल सांगते, बाकीचं मग. तासाला हजार पिल्लं हातातून काढायच्या त्या. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू मुठीत धरायचं, शेपटी वर करून खाली बघायचं, मोहरीएवढा उंचवटा आहे की नाही आणि असला तर कसा आहे, तेवढ्यावरून ठरवायचं कोंबडा की कोंबडी. मादी डावीकडे, नर उजवीकडे. मला विचाराल तर सगळी सारखीच, पिवळी आणि ओरडणारी. जाऊबाईंनी हे काम एकतीस वर्षं केलं, आणि शंभरात तीन चुकली तर त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलत नसत. आजसुद्धा सोयाबीन निवडायला बसल्या की चांगले दाणे डावीकडे, किडके उजवीकडे.

नाव सुनदोक. पण आमच्याकडे सुनेला नावाने कोण हाक मारतं? माहेरच्या गावावरून ओळख. त्या गोकसॉंगवाली, मी नामवॉनवाली. हे काम त्यांच्या हाती कसं आलं ते सांगते. त्यात माझाही वाटा आहे, आणि तो सांगताना मला अजून लाज वाटते. वाटली तर वाटू दे, गोष्ट तर खरी सांगितली पाहिजे.

सुरुवात आमच्या घरच्या पत्त्यांपासून. हा खेळ सासऱ्यांनी काढला, तोही नाइलाजाने. त्यांना फुलांच्या पत्त्यांचा भारी नाद. एका छुसॉकला, आमच्या सुगीच्या सणाला, पितरांचं ताट मांडायचं सोडून ते शेजाऱ्याकडे डाव टाकून बसले, तेव्हा सासूबाईंनी तो अख्खा जोड उचलला आणि चुलीत घातला. म्हणाल्या, "खेळायचंच असेल तर घरात खेळा. पोराबाळांबरोबर खेळा." सासरे पडले हट्टी. त्यांनी शेवयांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि मिळेल ते चित्र त्यावर डकवलं. कॅलेंडरवरचा डोंगर, बियाण्याच्या पाकिटावरचा मुळा, औषधाच्या डब्यावरचा दाढीवाला म्हातारा, पोस्टाचं तिकीट. काही चित्रं स्वतः पेन्सिलीने काढली. मग दरवर्षी घरातलं कुणीतरी एकदोन नवे पत्ते घालायचं, आणि जुने इतके मळले होते की पाठीवरच्या डागावरून ओळखू यायचे.

खेळ सोपा. मध्ये पत्ते उघडे पसरायचे. आपल्या हातातला एक त्यांतल्या एखाद्यावर ठेवायचा, "तस्संच!" म्हणायचं, आणि दोन्हीत काय सारखं आहे ते दाखवायचं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने "दिसतंय" म्हटलं तर जोडी आपली. एकानेही "दिसत नाही" म्हटलं की पत्ता मुकाट्याने परत हातात. गाय आणि दूध चालायचं नाही. झोपलेल्या गायीची पाठ आणि डोंगराची कड मात्र चालायची.

"डोक्यातलं नको, डोळ्यातलं सांग," हे सासूबाईंचं ठरलेलं. शंका आली की त्या दोन्ही पत्ते हातात घेऊन उलटे धरायच्या, डोकं खाली, पाय वर. "उलटं धरलं की गाय गाय राहत नाही. नुसता आकार राहतो. आता बघ." शाळेची पायरी न चढलेली बाई ती, पण नजर अशी की तिच्यापुढे शिकलेसवरलेले गप्प बसायचे.

आणखी एक रीत होती. छुसॉकच्या दिवशी जो जिंकेल त्याने एक मागणं मागायचं आणि घराने नाही म्हणायचं नाही. जिंकायच्या सासूबाईच. मागणंही दरवर्षी तेच. "पुढच्या छुसॉकला सगळ्यांनी घरी यायचं." सासरे गेल्यावरही तेच. त्यामुळे माझा नवरा आणि मी, कुठेही असलो तरी, गाडीत उभ्याने का होईना, यायचोच.

पत्त्यांत एक होता ज्याला जोडीच नव्हती. सासऱ्यांनी पेन्सिलीने काढलेलं आमच्या अंगणाचं दार. जुनं, लाकडी, दोन फळ्यांच्या मध्ये फट असलेलं, अर्धवट उघडं. बारा वर्षं तो पत्ता मध्ये पडायचा आणि शेवटी एकटाच उरायचा. सासूबाई तो स्वतः उचलून डब्यात ठेवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

आता जाऊबाईंचं. गावाजवळ अंडी उबवायचा कारखाना होता, तिथे त्या पिल्लं मोजून खोक्यात भरायला जायच्या. देजॉनहून एक माणूस यायचा नर-मादी निवडायला. जाऊबाई शेजारी उभ्या राहून दोन वर्षं त्याचे हात बघत होत्या. एक दिवस त्याने एक पिल्लू डावीकडे टाकलं आणि या सहज म्हणाल्या, "ते नर आहे हो." त्याने पुन्हा पाहिलं. नरच होता. तो म्हणाला, "बाई, इथे खोकी काय भरताय? शिकायला या." सहा महिन्यांचा वर्ग, देजॉनला, तिथेच राहायचं, शेवटी परीक्षा.

जाऊबाईंनी घरी विषय काढला. थोरले भावजी म्हणाले, "बघू." त्यांचं आयुष्यभराचं उत्तर ते एकच. सासूबाई मात्र स्पष्ट होत्या.

"थोरली सून सहा महिने घराबाहेर? आणि पितरांची पूजा कोण करणार? तुझी उनजू चार वर्षांची आहे, तिला कोण बघणार?"

"धाकटी आहे ना, आई."

"ती?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आधी रागावले आणि मग विचार केला, खरंच, मी? मला मुळ्याचं किमची, ते आंबवलेलं लोणचंसुद्धा, धड येत नव्हतं. सहा महिन्यांत चार पूजा, वीस वीस पदार्थ, वर ती उनजू, जी मासा काटे काढून दिल्याशिवाय खायची नाही. जाऊबाई गेल्या तर मला नवऱ्याला शहरात ठेवून इथे येऊन राहावं लागणार होतं. जाऊबाईंनी जाऊ नये, असं मला सासूबाईंपेक्षा जास्त वाटत होतं. हे मी बोलले नाही, एवढंच.

त्या वर्षीचा छुसॉक. सकाळी पूजा झाली, पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापून पुरुष परत आले, तांदळाच्या चंद्रकोरी खाऊन झाल्या. दुपारी ओसरीवर चटई टाकली आणि पत्त्यांचा डबा आला. नवीन पत्ता त्या साली एकच होता. कारखान्याच्या कॅलेंडरवरचं अंडं, नुकतं तडकलेलं, आतलं पिल्लू अजून दिसत नाही असं. आणि ते चित्र कापलं कुणी? मीच! हातात कात्री होती आणि करमत नव्हतं, म्हणून.

जाऊबाई एरवी खेळताना उनजूला मदत करायच्या, पदार्थ आणायला उठायच्या, निम्मे डाव सोडून द्यायच्या. त्या दिवशी पदर खोचल्यासारख्या बसल्या. एकदाही उठल्या नाहीत. माझ्या नवऱ्याने दोनदा नासपती मागितला, तर म्हणाल्या, "हात मोडलेत का? टोपली तिथे आहे." आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं.

एकेक जोडी पडत गेली. कोबीचं पान आणि म्हातारीच्या हातावरच्या शिरा, ही सासूबाईंची. वाऱ्याने वाकलेलं भात आणि दाढीवाल्याची दाढी, ही जाऊबाईंची. भावजींनी दोन घेतल्या, माझ्या नवऱ्याने एक, मी तीन. शेवटी सासूबाईंच्या नऊ, जाऊबाईंच्या नऊ. आमचे हात रिकामे. मध्ये एकच पत्ता उरला होता, नेहमीचा, ते दार. आणि जाऊबाईंच्या हातात एक पत्ता.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "बरोबरी. बरोबरीत मोठ्यांचं मागणं." आणि दाराच्या पत्त्याकडे हात नेला.

"आई, थांबा." जाऊबाईंनी अंडं दारावर ठेवलं. "तस्संच."

सासूबाईंनी नाक फेंदारलं. "अंडं उघडलं, दार उघडलं, म्हणून? हे डोक्यातलं झालं गोकसॉंगवाले. तुझ्या डोक्यात सध्या काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे."

"डोक्यातलं असेल तर मी पत्ता परत घेते," जाऊबाई म्हणाल्या. मान वर होती. "तुम्ही उलटं धरून बघा."

सासूबाईंनी दोन्ही पत्ते उचलले, उलटे केले आणि आम्हा सगळ्यांना दिसतील असे धरले. आणि अहो, काय सांगू! दार दार राहिलं नाही, अंडं अंडं राहिलं नाही. दोन्हीकडे एक काळी वाकडी रेघ, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला दोऱ्याएवढी. मध्ये एक हिसका. आणि जिथे दाराच्या फळीचा तिकोनी तुकडा उडालेला, बरोब्बर तिथेच अंड्याच्या कवचाचा तिकोनी तुकडा उडालेला.

"दिसतंय," भावजी म्हणाले. "बघू" नाही, "दिसतंय". आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस ताबडतोब काही बोलला.

"दिसतंय," माझा नवरा म्हणाला.

मग माझी पाळी. मला चार पूजा दिसल्या, माशाचे काटे दिसले, आणि मी म्हणाले, "मला नाही दिसत."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नियम तो नियम. पत्ता परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. पण सासूबाईंनी पत्ते सोडलेच नाहीत.

"नामवॉनवाले, खोटं बोलू नकोस."

"नाही दिसत हो आई..."

"मी पत्ते उलटे केले तेव्हा मी पत्त्यांकडे बघत नव्हते, तुमच्या तोंडांकडे बघत होते. तुझी नजर सरळ त्या फुटक्या फळीवर गेली, तिथून अंड्याच्या टोकावर, आणि परत फळीवर. दोनदा. डोळ्यांनी दिसतंय म्हटलं, तोंडाने नाही म्हणतेस?"

मी हळूच म्हणाले, "पण तुम्हालाच तर नकोय ना, त्यांचं जाणं?"

"नकोच आहे!" सासूबाई ओरडल्या. "पूजेचं सगळं खोळंबेल, पोर रडेल, आणि तुझ्या हातचं खाऊन पितर उपाशी उठतील. मला अजिबात नकोय. म्हणून काय मी माझ्या घरात खोटी नजर चालवून घेऊ? यांनी हे दार काढलं तेव्हापासून बारा वर्षं मी याला जोडी शोधतेय. दर छुसॉकला शोधते. मला नाही सापडली. हिला सापडली."

त्यांनी दोन्ही पत्ते पुन्हा माझ्या तोंडासमोर धरले. "बोल."

"दिसतंय," मी म्हणाले.

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि बारा वर्षं कुणाला हात लावू न दिलेला तो पत्ता त्यांनी स्वतः जाऊबाईंच्या ओंजळीत ठेवला. "दहा झाल्या. माग काय ते."

जाऊबाई पत्ता छातीशी धरून रडत होत्या. भावजींनीच सांगितलं, "सहा महिने देजॉनला."

"तिला विचारलंय," सासूबाई म्हणाल्या. मग जाऊबाईंनी स्वतः मागितलं, एका दमात. सासूबाई म्हणाल्या, "जा. भांडी नामवॉनवाली घासेल."

घासली हो, सगळी घासली. चार पूजांत मी एकदा मासा जाळला, एकदा रताळ्याच्या पिठाच्या शेवयांचा गोळा केला. उनजूच्या माशाचे काटे काढून काढून माझी नखं झिजली. सासूबाई प्रत्येक वेळी पितरांना हात जोडून मोठ्याने सांगायच्या, "थोरली शिकायला गेलीय, गोड मानून घ्या." सांगताना त्यांची मान कशी ताठ व्हायची ते मी मागून बघायची. बाजारात तर त्यांनी मासेवाल्या बाईलाही सांगितलं होतं.

मार्चमध्ये जाऊबाई परत आल्या. केस कापलेले, बोटांवर ओरखडे, आणि पिशवीत गुंडाळी केलेलं प्रमाणपत्र. शंभर पिल्लं, एकोणनव्वद मुलींच्या वर्गात सगळ्यांत आधी पूर्ण, चूक एक. लाल शिक्का, कोपऱ्यात फोटो. सगळे ओसरीवर जमलो. सासूबाईंनी हात धुतले, पुसले, कागद घेतला आणि उलटा धरला.

माझा नवरा हसायला लागला. "आई, उलटं धरलंय!"

"मला ठाऊक आहे. वाचता येत नाही, बघता येतं."

त्यांचं बोट कोपऱ्यातल्या फोटोवर थांबलं. मग उठल्या, आत गेल्या आणि खणातून स्वतःचं जुनं ओळखपत्र घेऊन आल्या. त्यावरचा फोटो चाळिशीतला, सासरे असताना काढलेला. तोही उलटा करून त्यांनी प्रमाणपत्रावरच्या फोटोशेजारी धरला. एक गोकसॉंगची, एक या गावची, रक्ताचं नातं औषधालाही नाही. पण उलट्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे तीच हनुवटी, तशीच पुढे काढलेली, कुणी काही म्हणो असं सांगणारी.

"तस्संच," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांकडे पाहिलं.

त्या वेळी मी कुणाची वाट पाहिली नाही. भावजींच्या आधी, नवऱ्याच्या आधी, अंगणाच्या दारापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी ओरडले, "दिसतंय!"